गुरुवारचा नाश्ता

आमच्या मॅडम "खाना खाया?" असं कधीच विचारत नसत. त्या विचारत, "क्या खाया?" पहिल्या प्रश्नाला नुसती मान हलवून सुटका करून घेता येते. दुसऱ्याला पदार्थाचं नाव सांगावं लागतं, आणि पोटात कावळे ओरडत असताना ते पटकन सुचत नाही.

मी तेव्हा लखनौच्या एका सरकारी रुग्णालयात सर्जरीचं शिक्षण घेत होते, शेवटच्या वर्षाला होते. मॅडम आमच्या युनिटच्या प्रमुख. युनिटला ऑपरेशनचे दोन दिवस मिळायचे, सोमवार आणि गुरुवार. या दोन्ही दिवशी पहिला पेशंट टेबलावर घेण्याआधी आम्ही सगळ्यांनी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, त्याच्या शेजारच्या छोट्या खोलीत बसून नाश्ता करायचा, असा त्यांचा नियम होता. बसून. हातात केळं घेऊन चालता चालता खाल्लं तर ते धरलं जात नसे. फोन पालथे ठेवायचे, पेशंटविषयी एक शब्द बोलायचा नाही, आणि शेवटच्या माणसाचं खाऊन होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

मॅडम आलमबागहून मेट्रोने येत. एका खांद्यावर पर्स आणि दुसऱ्या हातात स्टीलचा भलामोठा डबा. डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, थंडीत मटार वाटून केलेला निमोना आणि भात, कधी येता येता घेतलेले बन-मक्खन. वाढायच्याही त्याच. एवढ्या मोठ्या सर्जनने आपल्या ताटलीत पुरी वाढली की नाही म्हणायची सोय नसते. एकदा मी कांदेपोहे करून नेले, तर सगळ्यांनी त्यावर शेव, टोमॅटो आणि वर दही घालून माझ्यासमोर त्याचं पार वाटोळं केलं. मॅडमनी मात्र तसेच खाल्ले आणि "अगली बार थोड़े ज़्यादा लाइए" म्हणाल्या.

नियमामागचं कारण त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "मरीज़ को हमने भूखा रखा है, वो ज़रूरी है. हम भी भूखे रहेंगे तो सोचेगा कौन?"

मला हे सगळं अतिशय बावळट वाटायचं. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात मी शिकले महाराष्ट्रातल्या अशा कॉलेजात, जिथे उपाशी राहणं हीच मोठी पदवी होती. आमचे तिथले सीनियर सकाळपासून पोटात काही नाही, हे पदक छातीवर लावल्यासारखं सांगत. पाणी कमी प्यायचं, म्हणजे ऑपरेशन चालू असताना मधेच जावं लागत नाही, ही युक्तीही मी त्यांच्याकडूनच शिकले. लघवीची जळजळ आमच्यात आजार धरत नसत, ते कामसू असल्याचं लक्षण होतं. अशा शाळेतून आलेल्या मला रोजच्या धावपळीत पुऱ्या खात बसायला सांगणं म्हणजे शिक्षाच होती. तेवढ्या वेळात एक छोटं ऑपरेशन उरकलं असतं, हे माझ्या डोक्यातून जायचं नाही.

डॉक्टरांच्या आरोग्याची काळजी इतरांनाही होती, नाही असं नाही. एकदा प्रशासनाने सभागृहात आम्हा रेसिडेंटांसाठी ताण कमी करण्यावर व्याख्यान ठेवलं. हजेरी सक्तीची. बहुतेक जण ड्यूटी संपवून तसेच आलेले. व्याख्यात्या बाईंनी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितला आणि दोन श्वासांत सभागृहाच्या मागच्या निम्म्या रांगा गाढ झोपल्या. बाईंना वाटलं, फार छान ध्यान लागलंय. त्या उपक्रमाचा आमच्या आरोग्याला झालेला फायदा तेवढाच, पण झोप चांगली लागली हे मी कबूल करते.

आमच्या युनिटचं बोलायचं तर माझ्याच वर्षाचा एक बॅचमेट होता. अस्सल लखनौचा, भांडतानासुद्धा "आप" म्हणणारा. आणि पहिल्या वर्षाची एक मुलगी होती. तिचे वडील हवाई दलात, लखनौजवळच्या बख्शी का तालाबला. घर मूळचं साताऱ्याकडचं. मी तिच्याशी हट्टाने मराठीत बोलायची. तिला सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत.

"अगं, ड्रेसिंग झालं का त्या बाईंचं?"

"जी मैम, हो गया. वो दर्द का इंजेक्शन भी दे दिया."

"मैम काय, ताई म्हण."

"अच्छा, ताई मैम."

त्या वर्षी नवे विभागप्रमुख आले. माणूस सरळ होता. त्यांनी प्रत्येक युनिटचं पहिलं ऑपरेशन किती वाजता सुरू होतं ते बघायला सुरुवात केली. सगळ्यात उशिरा सुरू होणारं युनिट अर्थातच आमचं. विभागाच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर मॅडमना म्हणाले की बाहेर सीतापूर-बाराबंकीहून आलेली माणसं तारखेसाठी ताटकळत आहेत, आणि ओटीचे दिवे लागलेले असताना तुमचे डॉक्टर शेजारच्या खोलीत नाश्ता करत असतात. या तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही तर गुरुवार दुसऱ्या युनिटला द्यावा लागेल. मला राग यायला हवा होता, पण त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "नाश्ता तो होगा, सर."

गुरुवार गेला तर काय जाणार होतं, ते सांगायला हवं. सोमवारी मॅडम कॅन्सरची मोठी ऑपरेशनं स्वतः करत आणि आम्ही मदतीला उभे राहायचो. गुरुवार आमचा. त्या दिवशी पेशंट आम्ही करायचो, पहिल्या कापापासून शेवटच्या टाक्यापर्यंत, आणि मॅडम समोर उभ्या राहून बघायच्या. सर्जरी पुस्तकातून येत नाही. ज्याला असा दिवस मिळत नाही तो परीक्षा पास होतो, नावापुढे पदवी लावतो आणि पुढे कुणाच्या तरी पोटावर पहिल्यांदा शिकतो. मला तसं व्हायचं नव्हतं. थायरॉइडचं ऑपरेशन मी अजून एकटीने केलं नव्हतं. मॅडमनी एक पेशंट माझ्या नावाने ठरवलेली होती, हरदोईकडची एक बाई, गळ्यावर लिंबाएवढी गाठ. "आप करेंगी, मैं आपकी असिस्टेंट," त्या म्हणाल्या होत्या. तिची तारीख होती तिसऱ्या महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी.

तेव्हा गुरुवार वाचवायचाच, असं आम्ही ठरवलं. युक्ती बॅचमेटची, उत्साह माझा. नाश्ता बंद करा असं मॅडमना सांगण्याची कुणाची छाती नव्हती. मग दर गुरुवारी आम्ही आधीच ओटीत शिरायचं, पेशंट आत घ्यायचा आणि मॅडम आल्या की म्हणायचं, आज हॉस्टेलच्या मेसमध्ये खाऊन आलो. त्या "क्या खाया" विचारणार हे ठरलेलंच होतं, म्हणून उत्तरही ठरवून टाकलं. आलू पराठा, दही. सगळ्यांनी तेच सांगायचं. पहिल्या वर्षाच्या मुलीकडून मी ते दोन-तीनदा म्हणवून घेतलं, कारण खोटं बोलताना ती लाल व्हायची. खरोखर मेसमध्ये जाऊन खावं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. वाचलेला वेळ पोटासाठी वापरायचा, ही कल्पनाच आमच्या जातीला सुचत नाही. तो वेळ आम्ही राउंडला घालवला.

युक्ती चालली. आमचं पहिलं ऑपरेशन सगळ्यांच्या आधी सुरू होऊ लागलं, दिवसाला एखादा हर्निया जास्त होऊ लागला. विभागप्रमुख मला कॉरिडॉरमध्ये बघून हसले. मॅडमनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. "मेस में पराठा अच्छा बनने लगा है?" त्यांनी विचारलं. आम्ही माना डोलावल्या.

पण त्यांचा डबा काही थांबला नाही. न जाणो, कुणाला लागला तर, म्हणून त्या आणतच राहिल्या. एका गुरुवारी हात धुवायला जाताना मी दाराच्या काचेतून पाहिलं. मॅडम त्या खोलीत एकट्याच बसून नाश्ता करत होत्या. फोन पालथा, समोर उघडा डबा, सहा-सात रिकाम्या ताटल्या तशाच एकावर एक. मला फार वाईट वाटलं. आत जाऊन एक पुरी खावी असं अगदी मनापासून वाटलं. पण गुरुवार डोळ्यांसमोर होता, मी नळ सोडला आणि हात धुऊ लागले.

शेवटचा गुरुवार आला. माझं थायरॉइड त्या दिवशी दुसरं होतं. मी सर्जनच्या जागी, मॅडम समोर, आणि पहिल्या वर्षाची मुलगी रिट्रॅक्टर धरून, म्हणजे जखमेची कड ओढून धरायची ती पोलादी आकडी घेऊन. हे काम दिसायला सोपं, पण हात दगडासारखा स्थिर ठेवावा लागतो. थायरॉइडच्या मागून आवाजाची नस जाते. दोऱ्याएवढी जाड, पांढुरकी. तिला धक्का लागला तर माणसाचा आवाज बसतो, कधी कधी कायमचा. मी त्या नसेपर्यंत पोचले होते. ती मला दिसली होती आणि मी मनातून हरखले होते.

तेवढ्यात रिट्रॅक्टर हलला. थोडासाच, पण नसेच्या दिशेने. माझं लक्ष जाईपर्यंत मॅडमच्या बोटांनी तो अलगद पकडून बाहेर घेतलाही होता. मी त्या मुलीकडे बघितलं. मास्कच्या वर दिसणारा तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता आणि कपाळावरून घाम ओघळत होता.

"बेटा, सुबह क्या खाया?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

"आलू पराठा, दही, मैम."

"और कल रात को?"

"आलू पराठा, दही, मैम."

तिला काय विचारलंय तेही कळत नव्हतं. जे म्हणवून घेतलं होतं ते बाहेर येत होतं. ओटीत कुणी हसलं नाही. मॅडमनी बॅचमेटला तिला धरून बाहेर न्यायला सांगितलं. "आप भी बैठकर खाइएगा," त्या त्यालाही म्हणाल्या, म्हणजे त्यांना सगळा प्रकार कळून चुकला होता. सिस्टरने रिट्रॅक्टर हातात घेतला. मग मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

"और आपने?"

"कुछ नहीं, मैम."

आता त्या मला बाजूला व्हायला सांगणार, हे मी धरूनच चालले. कुठल्याही सर्जनने तेच केलं असतं. स्वतः पुढे होऊन ऑपरेशन झटपट संपवायचं, दिवसभराच्या ऑपरेशनांची लिस्ट वेळेत उरकायची, आम्हाला नंतर फाडून खायचं. मी हातातलं हत्यार खाली ठेवलं. मला राग आला होता. स्वतःचा, त्या पोरीचा, पराठ्याचा, सगळ्याचाच.

"जाइए, बैठकर खाइए," मॅडम म्हणाल्या. "तब तक मैं ऊपर की छोटी वाहिनियाँ बाँध लेती हूँ. नस को हाथ नहीं लगाऊँगी. वो आपकी है."

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मॉनिटरकडे नजर टाकून हरकत नसल्याची मान हलवली. मी बाहेर आले. खोलीत बॅचमेट आणि ती मुलगी डबा उघडून बसले होते. पुऱ्या गार झाल्या होत्या. ती मुलगी रडत रडत खात होती.

"ताई, मेरी वजह से थर्सडे चला गया."

"आधी गप्प खा," मी म्हणाले. मीही एक पुरी बसून खाल्ली आणि वर पेलाभर पाणी प्यायले. मग पुन्हा हात धुऊन, नवा गाऊन घालून आत गेले. मॅडमनी सांगितलं होतं तेवढंच केलं होतं. नस होती तिथेच होती, नीट ओल्या कापडाच्या कडेने राखलेली. पुढचं सगळं ऑपरेशन मी केलं. माझा हात किती शांत होता हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, आणि आधी तो तसा नव्हता हेही. शुद्धीवर आल्यावर बाईला मी नाव विचारलं, आवाज तपासायला तेच विचारतात. तिने खणखणीत आवाजात आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, गावाचं सांगितलं आणि चहा कधी मिळेल ते विचारलं.

लिस्ट मात्र कोलमडली. सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत मॅडमनी पुढचा पेशंट आत घेतला नाही, आणि शेवटचा हर्निया राहून गेला. बाराबंकीचे एक आजोबा होते, सकाळपासून उपाशी. मॅडम स्वतः वॉर्डात गेल्या, हात जोडून त्यांची माफी मागितली, त्यांच्या मुलाला आधी जेवण आणायला पाठवलं आणि सोमवारी पहिला नंबर तुमचाच असं सांगितलं. आमच्या मूर्खपणाचं ओझं त्या म्हाताऱ्या माणसावर पडलं होतं. ते मला आजही टोचतं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी बॅचमेटला आणि मलाही बरोबर घेतलं. सरांपर्यंत सगळी हकिगत आधीच पोचली होती. ते खरंच सरळ होते. म्हणाले, तुमचं युनिट मधल्या काळात सुधारलं होतं. कालचा दिवस मी सोडून देतो. रेसिडेंटांनी तुमच्याशी खोटं बोलून हे केलं, त्यात तुमची चूक नाही, एवढं तुम्ही सांगा. गुरुवार तुमच्याकडेच राहील.

एकच वाक्य बोलायचं होतं, आणि तेही खरं. आम्ही खोटं बोललोच होतो. त्यांनी ते सांगावं अशी माझी मनापासून इच्छा होती. आम्हाला मेमो मिळाला असता, पण गुरुवार वाचला असता.

"नहीं सर," मॅडम म्हणाल्या. "जो सुधार आपने देखा, वो भूखे बच्चों का काम था. वैसा काम मैं आगे नहीं करवा सकती, तो थर्सडे किस मुँह से रखूँ? और झूठ इन्होंने इसलिए बोला कि इन्हें लगा, मेरे लिए थर्सडे इनसे बड़ा है. ये मेरी ग़लती है. मुझे कह देना चाहिए था."

सरांनी समोरचं ओटीचं वेळापत्रक पुढे ओढलं. मग त्यांनी गुरुवार दुसऱ्या युनिटला दिला. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

बाहेर आल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं. मॅडमनी हात वर करून थांबवलं आणि त्या राउंडला निघाल्या. माझ्या आयुष्यात आईवडिलांखेरीज कुणी मला कुठल्याही गोष्टीपेक्षा मोठं मानलं नव्हतं. मी त्यांच्यामागे चालत होते आणि मला त्यांच्याविषयी इतकं प्रेम वाटत होतं की समोरचा पेशंट कुठला हेही मला सांगता येईना. त्याच वेळी मनात हिशोब चालूच होता, की आता मी काहीही न शिकता इथून बाहेर पडणार.

सोमवार आला. नाश्ता झाला, सगळ्यांनी निमूटपणे, खाली बघून खाल्लं. बाराबंकीच्या आजोबांचा हर्निया बॅचमेटने केला. त्यानंतर मॅडमचा मोठा पेशंट होता, स्तनाचा कॅन्सर. तसली ऑपरेशनं बघायला बाहेरगावचे सर्जन येत, इतका त्यांचा हात सुरेख चालायचा. सोमवार म्हणजे त्यांचा जीव होता, हे ओटीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मी नेहमीप्रमाणे मदतनिसाच्या जागी जाऊन उभी राहायला लागले, तर तिथे मॅडम आधीच उभ्या होत्या.

"मैम, आप उधर..." मी सर्जनच्या जागेकडे हात केला.

"उधर आप," त्या म्हणाल्या. "मैंने बहुत कर लिए." आणि त्यांनी सिस्टरपुढे रिट्रॅक्टरसाठी हात पसरला.

मी तिथून बाहेर पडेपर्यंत दर सोमवारी त्या तशाच उभ्या राहिल्या. जे मला झेपायचं नाही तेवढं हातात घेत आणि झालं की परत माझ्याकडे देत. त्या पहिल्या सोमवारी मात्र मला आधी काही दिसेचना. मास्कच्या आत डोळ्यांचं आणि नाकाचं पाणी एक झालं होतं, आणि धुतलेल्या हातांनी ते पुसता येत नव्हतं. मॅडमनी रिट्रॅक्टर लावला, कड ओढून धरली आणि मी सुरी मागेपर्यंत वाट बघत थांबल्या.